शंभर कंपन्या आणि मावशीचा सकाळचा फोन

मावशीने गेल्या आठवड्यात एक लांबलचक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, ‘वाच. पटतंय गं.’ असले मेसेज मी एरवी उघडतसुद्धा नाही. हा उघडला, कारण दहाच मिनिटांत तिचा फोन आला. ‘त्या फोनसाखळीतून माझं नाव काढायला सांगते. उगाच लोकांना रोज सकाळी त्रास.’

फोनसाखळी म्हणजे काय, ते आधी सांगते. मावशी 78 वर्षांची आहे, एकटी राहते. तिच्या इमारतीतल्या आणि आसपासच्या काही जणांनी उन्हाळ्यासाठी एक साधी यादी केली आहे. यादीतल्या एकट्या माणसाला रोज सकाळी कुणीतरी फोन करायचा. दोनदा वाजूनही उचलला नाही, तर जवळच्याने जाऊन दार ठोठवायचं. जादा किल्ली कुणाकडे, तेही यादीतच लिहिलेलं. ना निधी, ना बॅनर, ना उद्घाटन.

आता तो मेसेज. शीर्षक ‘शाश्वत शहर नावाचं थोतांड’, खाली ‘एका निवृत्त अभियंत्याच्या लेखणीतून’. नाव अर्थातच नाही. मुद्दे पाच. पहिला, जगातलं 71 टक्के प्रदूषण शंभर कंपन्या करतात, तेव्हा गल्लीत खत करून आणि झाडं लावून काही होत नाही. दुसरा, भागीचं घोडं किवणानं मरतं, म्हणजे सामायिक गोष्ट लोक कधीच जपत नाहीत. तिसरा, गटारं आणि रस्ते ही तज्ज्ञांची कामं, लोकांनी त्यात नाक खुपसू नये. चौथा, ‘उष्णतेच्या लाटेत एसी वाचवतो, शेजारी नाही. शेजाऱ्यांच्या गप्पांनी पारा उतरत नाही.’ पाचवा, शहरांची आंतरराष्ट्रीय जाळी म्हणजे महापौरांच्या सहली. शेवटी नेहमीचं ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मी क्रमाने जाणार नाही. चौथ्यापासून सुरू करते, कारण ते वाक्य वाचून मावशी स्वतःचं नाव खोडायला निघाली.

जुलै 1995, शिकागो. 13 तारखेला तिथल्या मिडवे विमानतळावर पारा 41 अंश सेल्सियसच्या आसपास गेला. हवेत इतका दमटपणा होता की अंगाला तो पन्नाशीच्या वरचा वाटत होता. त्या आठवड्यात शहरात नेहमीपेक्षा 739 माणसं जास्त मेली. शवागारात जागा उरली नाही, शीतकरणाचे ट्रक आणून बाहेर उभे करावे लागले. हे सगळं जगातल्या अतिश्रीमंत देशातल्या एका मोठ्या शहरात झालं, आणि मेलेल्यांपैकी कितीतरी जण बंद दाराआड, एकटे सापडले.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या संशोधकांनी लगेच पाहणी केली. मेलेल्या 339 जणांची तुलना त्याच भागातल्या, त्याच वयाच्या, पण वाचलेल्या 339 जणांशी केली. 1996 मध्ये ती ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. त्यात काय दिसलं? घरात चालू एसी असणाऱ्यांचा धोका खरोखरच खूप कमी होता. अभियंतेसाहेब, हा अर्धा गुण तुमचा, घ्या. पण त्याच पाहणीत असंही दिसलं की एकट्या राहणाऱ्यांचा धोका दुपटीहून जास्त होता, जे रोज घराबाहेर पडतच नव्हते त्यांचा त्याहून बराच जास्त. आणि ज्यांचे आसपास मित्र होते, कुठल्या मंडळात, गटात येणंजाणं होतं, ते त्यामानाने सुरक्षित राहिले. अर्धं वाचून अर्धं गिळायचं, याला काय म्हणायचं? शिवाय त्याच दिवसांत शहरातल्या हजारो घरांची वीज गेली होती. एसी भिंतीवर होता, नुसता.

पुढे एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने वस्त्यांकडे पाहिलं. इंगलवूड आणि ऑबर्न ग्रेशम या शेजारशेजारच्या दोन वस्त्या. दोन्हीकडे जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय लोकवस्ती, गरिबी, बेकारी आणि म्हाताऱ्यांचं प्रमाण सारखंच. इंगलवूडमध्ये लाखामागे 33 मृत्यू, ऑबर्न ग्रेशममध्ये 3. शहराच्या उत्तरेकडच्या कितीतरी श्रीमंत भागांपेक्षाही ही गरीब वस्ती सुरक्षित ठरली. एसी तिकडे जास्त होते असं नाही. इंगलवूडमधली निम्मी माणसं आधीच्या तीस वर्षांत निघून गेली होती. दुकानं बंद, घरं ओस, म्हाताऱ्यांना बाहेर पडायची भीती. ऑबर्न ग्रेशम टिकून होतं. लोक पायी दुकानात जात, गल्लीगल्लीची मंडळं होती, कुठल्या घरात कोण एकटं आहे हे शेजाऱ्यांना ठाऊक होतं, आणि लाट आल्यावर ते एकमेकांची दारं वाजवत फिरले.

या अभ्यासावर मिचेल ड्युनियर या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला होता: वस्तीच्या आकड्यावरून त्यात कोण माणूस का मेला, हे ठरवता येत नाही. आक्षेप वाजवी आहे. म्हणूनच मी वर 339 जणांची पाहणी आधी सांगितली. ती वस्त्यांची नाही, एकेका माणसाची आहे, आणि ती तेच सांगते.

शेजाऱ्याने पारा उतरत नाही हे बरोबर, पण तसं म्हणतंय कोण? उष्माघात होतो कसा, ते बघा. उतारवयात तहान नीट कळत नाही, घाम कमी येतो, काही औषधं त्यात भर घालतात. शरीर तापत जातं तसा मेंदू गोंधळतो. आपल्याला काहीतरी होतंय हे त्या माणसालाच कळेनासं होतं. खिडकी उघडायचं सुचत नाही, फोन उचलून कुणाला हाक मारायचं तर त्याहून नाही. अशा वेळी मदत मागणाऱ्याला मिळेल या भरवशावर बसून भागत नाही. न बोलावता कुणीतरी यावं लागतं. मावशीची यादी नेमकी त्यासाठी आहे. शिकागोने 1999 मध्ये हेच सरकारी पातळीवर केलं: एकट्या वृद्धांना फोन, घरी भेटी, थंड जागी न्यायला बस. त्या वर्षीच्या लाटेत सुमारे 110 माणसं गेली. लाट तंतोतंत 1995 इतकी नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय फोनांना देणार नाही. पण ज्या शहराने 739 माणसं गमावली, त्याने पुढच्या वेळी आधी काय हाती घेतलं, ते बघण्यासारखं आहे.

आणि हे वाक्य कुणाला पाठवलं जातंय? एकट्या, संकोची, ‘उगाच त्रास’ म्हणणाऱ्या माणसांना. माझा राग आहे तो इथे. बाकीचे मुद्दे चूक असते तरी मी हसून सोडून दिले असते.

आता त्या शंभर कंपन्या. हा आकडा 2017 च्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालातला आहे आणि खरा आहे, फक्त त्याचा अर्थ ‘ध’चा ‘मा’ झालाय. अहवाल म्हणतो की 1988 पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंपैकी 71 टक्क्यांचा माग शंभर जीवाश्म इंधन उत्पादकांपर्यंत जातो. ‘औद्योगिक’ हा शब्द मेसेजमध्ये गळला. शेती आणि जंगलतोड या हिशेबात नाही. ‘कंपन्या’ म्हणजेही फक्त खाजगी तेलसम्राट नव्हेत, चीनचा कोळसा, सौदी अरामको, रशियाची गाझप्रोम असे सरकारी उत्पादक त्यात वरच्या क्रमांकांवर आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या 71 टक्क्यांतला साधारण नव्वद टक्के धूर कंपन्यांच्या धुराड्यातून निघालेला नाही. त्यांनी विकलेलं इंधन दुसऱ्या कुणीतरी जाळलं, तेव्हा निघाला. म्हणजे गाड्यांत, वीजकेंद्रांत, कारखान्यांत, इमारती थंड-गरम करताना. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहाव्या अहवालानुसार 2020 मध्ये जगाच्या उत्सर्जनातला शहरांचा वाटा 67 ते 72 टक्के होता. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, कारण एक विकणाऱ्याच्या टोकाकडून मोजलाय आणि दुसरा वापरणाऱ्याच्या.

तरीही या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. सगळी जबाबदारी एकेकट्या माणसाच्या माथी मारायची ही युक्ती जुनी आहे. ‘तुमची कार्बन पाऊलखूण मोजा’, म्हणजे तुमच्या जगण्यामुळे किती कार्बन हवेत जातो ते मोजा, हे बीपी या तेलकंपनीनेच दोन हजारच्या दशकात जाहिराती करकरून घरोघरी पोचवलं. त्याची चीड येणं रास्त आहे. पण चीड एकट्याच्या अपराधगंडाची असेल, तर तिचा राग एकत्र येणाऱ्यांवर का? कंपन्यांना वठणीवर आणायला कायदे लागतात, कायद्यांना दबाव लागतो आणि दबाव एकट्याने येत नाही. नेदरलँड्समध्ये 1971 मध्ये रस्त्यांवर 3,000 हून जास्त माणसं मेली, त्यात 400 हून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली, पाठोपाठ 1973 चं तेलसंकट आलं, आणि सरकारला सायकलींसाठी रस्ते बांधावे लागले. आज त्याच देशाकडे बोट दाखवून लोक म्हणतात, त्यांची संस्कृतीच तशी.

भागीच्या घोड्याचं फार लांबवत नाही. गॅरेट हार्डिन या अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये हीच म्हण शास्त्रीय भाषेत मांडली: सामायिक कुरणात जो तो आपली गुरं वाढवणार आणि कुरण संपणार. पुढे 1998 मध्ये त्यांनीच कबूल केलं की ‘व्यवस्थापन नसलेलं कुरण’ असं म्हणायला हवं होतं. मधल्या काळात एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांनी जगभरची सामायिक जंगलं, कालवे, कुरणं तपासली. स्वित्झर्लंडमधल्या टॉर्बेल गावात 1517 पासून नियम आहे: हिवाळ्यात जितक्या गाई पोसू शकाल, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावर सोडा. कुरण अजून आहे. ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. किवणाने मरतं ते घोडं, ज्याची पाळी कुणाची हे कुणी ठरवलेलंच नसतं.

तज्ज्ञांच्या कामात नाक खुपसू नये म्हणे! कराचीतल्या ओरंगी या अफाट वस्तीत गटारंच नव्हती आणि ती बांधायला कुणी येतही नव्हतं. 1980 मध्ये समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी तिथे एक प्रकल्प सुरू केला. कामाचा घटक ठरला गल्ली, वीस ते चाळीस घरांची. घरातलं शौचालय आणि गल्लीतली नळी लोकांनी आपल्या पैशाने घालायची. पातळ्या मोजणं, नकाशे, साचे, अवजारं ही मदत प्रकल्पाने द्यायची. मोठी वाहिनी आणि सांडपाणी शुद्धीकरण सरकारचं. वस्तीतल्या घरांना जोडण्या मिळत गेल्या, तो आकडा पुढे लाखाच्या घरात गेला. तज्ज्ञ नव्हते असं कुठे आहे? हा प्रकल्प पुढे चालवणाऱ्या परवीन रहमान स्वतः वास्तुविशारद होत्या. वस्त्यांचे आणि नाल्यांचे नकाशे करण्यात त्यांनी आयुष्य घातलं. 2013 मध्ये त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. सरकारने आपला वाटा नीट उचलला नाही तिथे मैला तसाच नाल्यात आणि समुद्रात गेला, ही या कहाणीची दुखरी बाजू. त्यावरून लोकांनी घातलेल्या नळ्या चूक ठरत नाहीत.

राहिल्या महापौरांच्या सहली. हो, होतात. फोटो निघतात, जाहीरनामे निघतात. 1990 मधलं इक्ली असो की 2005 मधलं सी40, शहरांच्या असल्या कुठल्याच जाळ्याकडे एखाद्या शहराला दंड करायची ताकद नाही. पण नक्कल करायला दंड कशाला लागतो? अहमदाबादेत मे 2010 च्या लाटेत नेहमीपेक्षा 1,300 हून जास्त मृत्यू झाले. 2013 मध्ये महापालिका, आरोग्य संशोधक आणि बाहेरच्या संस्थांनी मिळून उष्णता कृती आराखडा केला: किती तापमानाला कुठला इशारा द्यायचा, कुणी कुणाला कळवायचं, दवाखान्यात काय तयार ठेवायचं. त्यानंतर देशातल्या कितीतरी शहरांनी आणि राज्यांनी तो उचलला, आपापल्या हवेप्रमाणे बदलला. प्रत्येकाने स्वतःची माणसं मरायची वाट बघून मग शिकायचं, असं अभियंतेसाहेबांचं म्हणणं असेल तर तसं लिहावं.

हे सगळं मी मावशीला फोनवर वाचून दाखवलं. शिकागोपाशी ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘ते शंभर कंपन्यांचं मात्र मला आधीपासूनच खोटं वाटत होतं.’ वाटत नव्हतं, पण असू दे. नाव तिने काढलेलं नाही. फक्त सातचा फोन आठला करा म्हणून कळवलंय. सातला ती आंघोळीला असते आणि परवा दोनदा न उचलल्यामुळे शेजारचे दार ठोठवायला आले होते.