गाडीला सिद्धेश्वर, पोराला कियान

सोलापुरात बारशाच्या आधी हल्ली एक वाद ठरलेला असतो. आजोबांना सिद्धराम हवा असतो, गेला बाजार सिद्धेश्वर. आईबापांना दोन-अडीच अक्षरांचं, कुठेही खपेल असं काहीतरी हवं असतं आणि त्यांचा हुकमी एक्का एकच: "उद्या पोरगं बाहेर गेलं तर?" बाहेर म्हणजे आम्ही राहतो तिथे. त्यामुळे या एक्क्याबद्दल जर्मनीतून चार गोष्टी सांगायला हरकत नसावी.

आधी नाव. बाराव्या शतकात सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांच्या पोटी सिद्धराम जन्मले. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर म्हणजे हेच. रेवणसिद्धांनी या जन्माचं भाकीत केलं होतं, असं परंपरा सांगते. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचा ध्यास, गावी परतून खोदलेलं तळं, अडुसष्ट लिंगांची स्थापना आणि पुढे अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, बसवेश्वरांच्या शरणांमध्ये, म्हणजे शिवभक्तांच्या मेळ्यात. हे कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्यांची कन्नड वचनं 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' या मुद्रेवरून, म्हणजे वचनात येणाऱ्या सहीवजा नावावरून, ओळखली जातात. राघवांक या कन्नड कवीने त्यांच्यावर चरित्रकाव्य रचलं. अर्थ सरळ आहे: साधना पुरी झालेला तो सिद्ध, त्याला राम जोडला. पंचांगाप्रमाणे 'सी' हे शततारकेचं अक्षर, म्हणजे रास कुंभ. यापुढे नावांच्या वेबसाइटी शुभ रंग, शुभ अंक आणि स्वभाव सांगतात, तो भाग सोडून द्या.

याच वेबसाइटी नावाची 'लोकप्रियता'ही तारे लावून दाखवतात. ती कुठून येते? अमेरिकेचं सामाजिक सुरक्षा खातं दरवर्षी किमान पाच बाळांना ठेवलेली सगळी नावं आकड्यांसकट जाहीर करतं. इंग्लंड-वेल्सचं सांख्यिकी कार्यालय तीनपर्यंत खाली जातं. जर्मनीत वीस्बाडेनची भाषासंस्था १९७७ पासून यादी काढते. भारतात जन्मनोंद होते, पण नावांची अशी यादी निघत नाही. त्यामुळे सिद्धराम किती दुर्मिळ झालं याचा आकडा कोणी सांगितला तर तो हवेतला समजावा. शाळेच्या हजेरीपटावरून अंदाज बांधता येतो, इतकंच.

नावाची रूपं मात्र भरपूर. बोलीत सिद्राम, मान म्हणून सिद्रामप्पा, जंगमांत मागे अय्या. धनगर समाजात याच सिद्ध परंपरेतले बिरसिद्ध, अमोगसिद्ध, रेवणसिद्ध. हे नाव एकाच जातीचं आहे असं वाटणाऱ्यांनी कर्नाटकाकडे बघावं. तिथे २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये मुख्यमंत्री झालेले सिद्धरामय्या कुरुब समाजाचे आहेत.

मुंबईच्या रात्रीच्या गाडीला सिद्धेश्वर, साखर कारखान्याला सिद्धेश्वर, बाजार समितीला सिद्धेश्वर. विद्यापीठाला हे नाव मिळावं म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते, शेवटी २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर हे नाव लागलं. दर संक्रांतीच्या सुमारास पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सात नंदीध्वज खांद्यावर तोलत सम्मती कट्ट्यावर येतात, सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात आणि 'हर्र बोला हर्र'ने तळ्याचा काठ दुमदुमतो. आणि त्याच भक्तांच्या घरी नातवाचं नाव कियान. कियान वाईट नाही. पण जे नाव संस्थेला मिळावं म्हणून भांडता, ते पाळण्यात म्हणायला लाजता, हे काही पटत नाही. आणि दोष मात्र परदेशाच्या माथी.

परदेशाला या नावाचं काही वाटत नाही. जर्मन माणूस शब्दारंभीचा 'एस' घोगरा करतो, 'एच' गिळतो आणि 'झिद्दाराम' म्हणतो. सिद्धार्थ हे नाव इथल्या लोकांच्या ओळखीचं असल्यामुळे 'एस-आय-डी-डी-एच' बघून कोणी दचकत नाही. बापाचं नाव मल्लिकार्जुन असेल तर त्याचा मात्र 'मल्लिकार्युन' होतो, कारण इथे 'जे'चा उच्चार 'य'. आता सुटसुटीत म्हणून निवडलेली नावं घ्या. जर्मनमध्ये 'व्ही' बहुतेकदा 'फ' वाचतात, त्यामुळे विहानचा फिहान होतो आणि वेदांतचा फेदांत. छोटं नाव म्हणजे सोपं नाव, हा हिशेब सोलापुरात बसून केलेला आहे.

इथलं नोंदणी कार्यालय नाव नाकारू शकतं, हे खरं. पण ते नाकारतं मुलाचं नुकसान होईल अशी नावं. पूर्वी नावावरून मुलगा की मुलगी हे कळायला हवं असा आग्रह असे. तो मोडला एका भारतीय नावानेच. मुलीचं नाव फक्त 'किरण' ठेवायला कार्यालयाने नकार दिला, आईबाप थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये जिंकले. सिद्धरामला ती अडचणही नाही.

अडतं ते दुसरीकडे, कागदावर, आणि त्याचं मूळ बहुधा आपल्याच गावात असतं. जन्मदाखल्यावर दोन 'डी' आणि 'एच', आधारवर एक 'डी', शाळेत बोलीप्रमाणे 'सिद्राम', बारावीच्या गुणपत्रिकेवर बाबूने मधे एक 'ए' वाढवून 'सिद्धाराम'. चारही जण एकच आहेत हे गल्लीला कळतं, व्हिसाच्या खिडकीला कळत नाही. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव, शपथपूर्वक केलेलं भाषांतर. वेळ आणि पैसा जातो तो इथे, उच्चारात नाही.

आता यात नवी भर. महाराष्ट्र सरकारने ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम लावायचा. आईचं नाव यायलाच हवं होतं, उशीरच झाला. पण हीच ओळ जशीच्या तशी पासपोर्टात उतरली तर काय होतं ते मोजून बघा. फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ जागा. पहिल्या ओळीत कागदाचा प्रकार आणि देश पाच जागा खातात, नावाला उरतात ३९. समजा नाव आहे सिद्धराम महादेवी मल्लिकार्जुन बिराजदार. इंग्रजी स्पेलिंगने बिराजदारची ८ अक्षरं, सिद्धरामची ९, आई महादेवीची ८, वडील मल्लिकार्जुनची ११, आडनावानंतरची दोन चिन्हं आणि नावांमधली एकेक. एकूण ४०. मल्लिकार्जुनचा शेवटचा 'एन' गळाला. सिद्धरामेश्वर ठेवलं तर बेरीज ४६ वर जाते. वरच्या छापील भागात नाव पूर्ण, खाली यंत्रासाठी तोकडं, आणि कुठे माणूस टाइप करतो, कुठे यंत्र वाचतं. दोन नोंदी जुळेनाशा होतात त्या अशा.

जर्मन जन्मदाखल्यावर आई आणि वडील दोघांनाही आपापला वेगळा रकाना असतो. मुलाचं नाव तेवढं मुलाचं. आईला मान द्यायचा हा मार्गही आपल्याकडे चालला असता, कारण पासपोर्टाच्या अर्जात आईवडिलांची नावं वेगळी विचारतातच. शिवाय इथे मधलं नाव ही गोष्टच नाही. मल्लिकार्जुन हे मुलाचंच दुसरं नाव धरलं जातं आणि बालवाडीच्या खुंटीवर कोटाच्या वर 'सिद्धराम मल्लिकार्जुन' असं लेबल लागतं.

उलट टोकही आहे. दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडे काही घरांत आडनाव लावतच नाहीत. पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा राहिला तर अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे पहिलं नाव अज्ञात, असं छापून येतं. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकाच शब्दाचं नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर घेणंच थांबवलं.

म्हणून भांडायचं असेल तर नावावरून नको, स्पेलिंगवरून भांडा, आणि दाखला निघायच्या आधी. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव कोरं ठेवता येतं. ते १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि पुढे शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. दवाखान्याच्या फॉर्मवर घाईत काहीतरी खरडू नका. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, त्यामुळे तिथली चूक पुढे प्रत्येक कागदावर जाते. दुरुस्ती होते, पण कायद्याप्रमाणे मूळ नोंद न खोडता समासात. महापालिकेत मराठी नाव टाइप झालं की इंग्रजी रूप पडद्यावर बघून घ्या, बाबूच्या भरवशावर सोडू नका. मूल परदेशातच जन्मलं आणि भारतीय नागरिकत्व ठेवायचं असेल, तर वर्षाच्या आत वकिलातीत नोंद हवी. तिथे जे स्पेलिंग लिहाल ते स्थानिक दाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे.

स्पेलिंग कोणतं? दोन 'डी', एक 'एच', शेवटी साधं 'राम'. यंत्राच्या ३९ जागांत बसवण्यासाठी एक 'डी' कापायचा मोह होतो, तेवढ्याने बेरीज बरोब्बर ३९ होते. पण बापाच्या पासपोर्टावर जे रूप चालत आलंय ते मोडून नवं काढण्यापेक्षा 'एन' गळालेला परवडला. घरात सगळे सिद्राम म्हणत असतील आणि सहीसुद्धा तशीच असेल, तर दाखल्यावरही सिद्रामच लिहा. सहा अक्षरं आहेत, बेरीज ३७ होते.