रविवारी सकाळी घरीच झोपा

पोरीला कराटेच्या क्लासला घालून चार वर्षं झाली, ब्राऊन बेल्ट आला, आणि आता तिला दुसऱ्या क्लासच्या मुलींशी खेळून बघावंसं वाटतंय? थांबा. आमच्या घरात हे नुकतंच घडून गेलंय, तेव्हा चार अनुभवाचे बोल ऐकून घ्या. फी नाही, पावतीही नाही. पावतीची सवय तशीही तुम्हाला नसणारच.

सगळ्यात आधी, स्टेटस ठेवू नका. आमच्या कन्येनं ठेवलं. गेल्या रविवारी ती मैत्रिणीबरोबर रंकाळ्याकडच्या एका क्लासला सरावाला गेली. दोन तास कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, खेळली आणि घामानं चिकटलेल्या केसांसह दोघींचा अंगठे वर केलेला फोटो टाकला. फोटो साडेनऊला, सरांचा फोन पावणेदहाला. हेच सर, ज्यांना मी बेल्टच्या सर्टिफिकेटसाठी दीड महिना फोन लावत होतो.

कुठं निघालात असं कुणी विचारलंच तर आत्याकडं सांगा.

बोलावणं आलंच तर रिकाम्या पोटी जाऊ नका, वेळ लागतो. मंगळवारी संध्याकाळी सर खुर्चीत, मी बाकावर आणि बारा वर्षांची पोरगी मध्ये उभी. ‘निष्ठा’ हा शब्द मी बोटांवर मोजायला घेतला, दहा बोटं संपली. ‘मी घडवलेलं पोरगं दुसऱ्याच्या दारात उभं राहतं, म्हणजे माझ्या शिकवण्यावर विश्वास नाही.’ मग निकाल : ग्रेडिंग, म्हणजे पुढच्या बेल्टची परीक्षा, सहा महिने पुढं, आणि माफीनामा. सगळ्या मुलांसमोर वाचायचा, खाली पालकांची सही.

हरण्यापासून तर फारच जपा, आपल्या क्लासमध्ये ती सोय केलेलीच असते. स्पर्धा आपली, पंच आपले, मंगल कार्यालयही ठरलेलं. आठचं उद्घाटन, पाहुणे साडेअकराला. वय, वजन, बेल्ट असे गट पाडत पाडत एकेका गटात तीन मुलं उरतात. एक सुवर्ण, एक रौप्य, एक कांस्य. कुणी उपाशी जात नाही. परराज्यातला एक पाहुणा आला की स्पर्धा राष्ट्रीय, परदेशातला आला की आंतरराष्ट्रीय. दुसऱ्या दिवशी ‘घवघवीत यश’. आमच्या शोकेसमध्ये अशी नऊ पदकं आहेत, पुसायला मीच असतो.

बाहेर मात्र काय होईल याचा नेम नाही. त्या रविवारी पोरगी दारातूनच ओरडली, ‘‘पप्पा, मी आठ-शून्यनं हरलो!’’ आणि तोंडावर असा आनंद की मला वाटलं जिंकूनच आली. आठ गुणांची आघाडी झाली की लढत तिथंच थांबते. डोक्याच्या उंचीवरच्या दोन लाथा, तीन-तीन गुण. दोन ठोसे, एक-एक. मिनिटभरात कारभार आटोपला. मग स्वयंपाकघरातल्या फरशीवर चपला सरकवून तिनं मला दाखवलं. ‘‘ती मारली की तिथं थांबतच नाही, असं तिरकं निघून जाती. मी मारतो तिथं ती नसतीच. आमच्या क्लासात मी उजवी टाच उचलली की समोरच्याला कळतंय आता लाथ येणार, आणि मला पण कळतंय त्याला कळलंय.’’ त्यानंतर आईनं तीनदा हाक मारली तरी ती टाच न उचलता लाथ मारून बघत होती. भाकरी गार झाली.

चार वर्षं, महिन्याच्या महिन्याला फी भरून, टाचेचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? त्याच बारा मुलांना तीच बारा मुलं मारतात. एकमेकांच्या खोडी पाठ झाल्यात, त्यालाच आपण तंत्र म्हणतो.

आता एक सल्ला खास मंगळवारसाठी : सर बोलत असताना त्यांच्या डोक्यावरच्या फोटोकडं बघू नका, हसू येतं. हार घातलेला फोटो गिचिन फुनाकोशींचा होता. शोतोकान या कराटेच्या शैलीचा मूळ पुरुष. हा मनुष्य ओकिनावात दोन गुरूंकडं शिकला, अझातो आणि इतोसू. त्या दोघांनी निष्ठेचं काय केलं म्हणाल, तर याला आणखी तिसऱ्या-चौथ्याकडं पाठवलं, ज्याचं जे चांगलं ते त्याच्याकडून शीक म्हणून. १९२२ साली फुनाकोशी तोक्योला आले तर ज्युदोच्या जिगोरो कानोंनी त्यांना आपल्या कोदोकान या ज्युदोच्या शाळेत प्रात्यक्षिकाला बोलावलं. कराटेचा पांढरा ड्रेस आणि कमरेचा पट्टा आले ज्युदोवाल्यांकडून. म्हणजे दुसऱ्याच्या दारात गेली म्हणून पोरीचा जो बेल्ट अडवलाय, तो बेल्टच दुसऱ्याच्या दारातून आणलेला.

आणि हे सगळं कुठं चाललंय? कोल्हापुरात! शाहू महाराजांनी पंजाबातले मल्ल इथं आणले, ते आपल्या पोरांनी एकमेकांनाच चीतपट करून फेटे बांधून घ्यावेत म्हणून नव्हे. १९१२ चं खासबाग मैदान कशाला बांधलं मग, सत्काराला? गंगावेश तालमीचा पैलवान शाहूपुरी तालमीच्या पैलवानाशी मैदानात भिडला म्हणून वस्तादानं त्याचा खुराक बंद केल्याचं ऐकलंय का कुणी? खाशाबा जाधव १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकला गेले, मातीतला माणूस मॅटवर उभा राहिला, सहावा आला. सहावा! कुणी माफीनामा मागितला नाही. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पोरगा बाहेर जावा म्हणून. कांस्यपदक आलं ते त्यातून. आणि इथं पोरगी रंकाळ्यापर्यंत गेली तर गुरूचा घसा दाटून येतो.

बास झाला उपरोध. सर, तुम्हाला निष्ठेची नाही, गळतीची भीती आहे. पोरं बाहेर गेली की त्यांना कळेल आपल्याला काय येत नाही, आणि त्यांच्यामागून आम्हाला कळेल आपण कशाचे पैसे भरतोय. तसं असेल तर तुम्ही शिका. तुम्हीही या रविवारी, त्या क्लासचे सर चांगले आहेत, चहा पाजतात. पण बारा वर्षांच्या पोरीला उभी करून हात जोडायला लावू नका. आणि आपण पालक? त्या दिवशी आजूबाजूला पंधराएक जण होतो. सगळे मोबाईलमध्ये. बाहेर आल्यावर तिघांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘‘चुकीचंच आहे हो.’’ आत का नाही बोललात? तुमच्या पोराचा ब्लॅक बेल्ट डिसेंबरात आहे म्हणून? मी तरी काय मोठा शूर, मी त्या कागदावर सही केली. ती माझ्याकडं बघत होती, मी पेन शोधत होतो.

तो कागद मी काल परत मागून आणला. दिला त्यांनी, बरंच ऐकवून. परवा रविवार आहे. सहाला गाडी काढतोय, मागं एकाची जागा आहे. स्टेटस या वेळी मी ठेवणार.