पंधरा मिनिटांत चोवीस जॉब: नव्या तपासनिसांसाठी मार्गदर्शन

लेव्हल टूची परीक्षा उत्तीर्ण होऊन, नजर तपासून घेऊन आणि नव्या कोऱ्या प्रमाणपत्राची लॅमिनेट केलेली प्रत खिशात ठेवून जे तरुण एनडीटीच्या, म्हणजे विनाविध्वंस चाचणीच्या, क्षेत्रात पाऊल टाकत आहेत, त्यांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. वस्तू न तोडता, न कापता तिच्या पोटातला दोष शोधून काढण्याची विद्या तुम्ही शिकलात. आता ती कोठे कोठे वापरायची नाही, हे शिकण्याची वेळ आली आहे. वर्गात हे कोणी शिकवत नाही आणि मलाही ते इतक्या वर्षांत उमगले नव्हते. परंतु गेल्या आठवड्यात माझ्या हाती एक असा रिपोर्ट पडला की, यशस्वी तपासनिसाची सारी गुपिते मला एकाच पानावर वाचायला मिळाली. ती तुमच्यापासून लपवून ठेवणे बरे नव्हे.

सर्वप्रथम कारखान्यातले आपले स्थान ओळखा. ज्या दिवशी सगळे जॉब, म्हणजे तपासायला आलेले सुटे भाग, पास होतात, त्या दिवशी तुम्ही खर्चाची एक अनावश्यक बाब असता. ज्या दिवशी एखादा रिजेक्ट होतो, त्या दिवशी ती चीर तुम्हीच घरून आणून तेथे बसवलेली असते. ओतकामात, फोर्जिंगमध्ये, वेल्डिंगमध्ये किंवा हीट ट्रीटमेंटमध्ये काही चुकले असावे, अशी शंका कोणालाही शिवत नाही. तेव्हा दोष सापडलाच तर चेहरा शक्य तितका अपराधी ठेवावा.

"साहेब, एवढा एकच जॉब राहिलाय" हे वाक्य कानी पडताच पेनाचे टोपण काढावे.

पद्धत निवडताना मात्र तुमच्या शिक्षणाचा खरा उपयोग होतो, कारण कोणत्या पद्धतीला कोणता दोष दिसत नाही, हे तुम्ही पाठ केलेले आहे. प्लेटच्या जाडीच्या मध्यावर, पृष्ठभागाला समांतर पसरलेले लॅमिनेशन, म्हणजे धातूचे थर सुटल्याची सपाट फट, क्ष-किरणांच्या फिल्मवर जवळजवळ उमटतच नाही, कारण किरणांच्या वाटेतली धातूची जाडी त्याने फारशी बदलत नाही; म्हणून लॅमिनेशनची शंका असेल तेथे रेडिओग्राफीचा आग्रह धरावा आणि ज्या ध्वनिलहरींना तोच दोष आरशासारखा समोर उभा दिसतो, ती अल्ट्रासॉनिक चाचणी "वेळखाऊ" म्हणून बाजूला सारावी. चुंबकीय कणांच्या चाचणीत योक, म्हणजे दोन पायांचा हातातला विद्युतचुंबक, एकाच दिशेने धरावे. बलरेषांना समांतर असलेली चीर कण गोळा करीत नाही, आणि योक काटकोनात फिरवून पुन्हा तपासण्याच्या जुन्या रिवाजाने कमरेला नाहक त्रास होतो.

उच्च ताकदीच्या पोलादाचे वेल्ड असेल तर त्वरा करावी. अशा वेल्डमध्ये हायड्रोजनमुळे पडणारी चीर वेल्ड गार झाल्यावर कित्येक तासांनी, कधी कधी दुसऱ्या दिवशी उघडते, आणि म्हणूनच अंतिम तपासणी 48 तास थांबून करावी असे अनेक विनिर्देशांत लिहिलेले असते. चतुर तपासनीस वेल्ड हाताला सोसवेल इतका निवला की लगेच तपासतो. त्या वेळी चीर खरोखरच नसते, त्यामुळे रिपोर्ट अक्षरशः खरा ठरतो आणि मनालाही काही लागत नाही.

जॉब तपासणीला येण्यापूर्वी त्यावर शॉट ब्लास्टिंग झालेले असेल तर उत्पादन विभागाचे आभार मानावेत. छर्ऱ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागावरचा धातू पसरतो आणि चिरेचे तोंड बुजते. तोंड बुजले की पेनेट्रंट, म्हणजे चिरेत झिरपणारा रंगीत द्रव, आत शिरत नाही, आणि पेनेट्रंट शिरले नाही की इंडिकेशन, म्हणजे दोषाची रंगीत खूण, येत नाही. ॲसिडने एचिंग करून, म्हणजे वरचा धातू किंचित खाऊन, तोंड पुन्हा उघडता येते, हे आपण ऐकलेच नाही असे समजावे. रंग तर याहून गुणी. 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किएलँड' हा तरंगता निवासी तराफा उलटला आणि 123 माणसे गेली. त्याच्या एका आडव्या नळीवर पाण्यातले ध्वनी टिपणारे यंत्र बसवण्यासाठी जो आधार जोडला होता, त्याच्या अवघ्या 6 मिलिमीटरच्या फिलेट (कोपऱ्यातल्या) वेल्डमध्ये तज्ज्ञांना जुनी चीर सापडली आणि त्या चिरेच्या आत रंग सापडला. म्हणजे नळीवर रंग चढला तेव्हा चीर तेथे हजर होती. रंगाऱ्याचा ब्रश तिच्यापर्यंत बरोबर पोहोचला होता.

कॅलिब्रेशनची, म्हणजे उपकरणाच्या अचूकतेच्या पडताळणीची, मुदत उलटून गेली असेल तर उपकरण धरताना अंगठा स्टिकरवर राहील, एवढे पाहावे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे वेळेकडे वळू. वर उल्लेखिलेला रिपोर्ट स्टेनलेस स्टीलच्या चोवीस व्हॉल्व्ह बॉडींचा होता. ओतीव जॉब, डीपी (डाय पेनेट्रंट) टेस्ट, निष्कर्षाच्या रकान्यात चोवीसही ओळींत एकाच वळणाच्या अक्षरांत लिहिलेले "इंडिकेशन आढळले नाही", खाली सही, शिक्का आणि प्रमाणपत्राचा क्रमांक. सुरुवात चार वाजून दहा मिनिटांनी, समाप्ती चार वाजून पंचवीस मिनिटांनी. मला त्यावर केवळ दुसरी सही करायची होती. त्याच कारखान्याच्या सूचनापत्रकात, जे त्याच फाइलमध्ये वरच्या बाजूला लावलेले होते, पेनेट्रंट 10 मिनिटे राहू द्यावे आणि डेव्हलपर, म्हणजे आतला रंग वर ओढणारी पांढरी भुकटी, लावल्यावर आणखी 10 मिनिटे थांबून मगच निष्कर्ष काढावा, असे छापलेले आहे. 10 आणि 10 यांची बेरीज 20 होते. आधीची सफाई, क्लीनर उडून जाईपर्यंतचा अवकाश, जादा पेनेट्रंट पुसण्याचा वेळ आणि चोवीस जॉब चारी बाजूंनी फिरवून पाहण्याचा वेळ मी धरलेलाच नाही. चोवीस राहू द्या, एक जॉबसुद्धा पंधरा मिनिटांत तपासून होत नाही. बरे, खोटे लिहायचेच होते तर समाप्तीची वेळ साडेपाच लिहायला पैसे पडत नव्हते. परंतु हा रिपोर्ट कोणी वाचणारच नाही याची लिहिणाऱ्याला इतकी खात्री होती की, त्याने खोटे नीटनेटके लिहिण्याचेही कष्ट घेतले नाहीत. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत अपमानास्पद गोष्ट हीच आहे.

ते 10 मिनिटे थांबणे म्हणजे आमची चहाची सुट्टी, अशी समजूत या जगात इतकी घट्ट का बसली आहे, हे मला आजवर कळलेले नाही. बारीक चिरेत द्रव स्वतःहून, केशाकर्षणाने शिरतो. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ महिनाअखेर आहे म्हणून कमी होत नाही. ट्रक दारात उभा आहे हे त्या द्रवाला कळत नाही. तसेच आत शिरलेला लाल रंग पांढऱ्या डेव्हलपरवर झिरपून वर यायलाही वेळ लागतो. आणि जेथे थांबायचे ते थांबून झाल्यावरही, जादा पेनेट्रंट कापडाने पुसण्याऐवजी क्लीनरचा डबा थेट जॉबवर फवारणारे महाभाग मी पाहिलेले आहेत. चिरेत गेलेला रंगही त्याने धुऊन निघतो आणि जॉब लख्ख पांढरा दिसतो. मग "बघा, काहीच नाही" असे म्हणायला तेच पुढे.

मी खोक्यातला एक व्हॉल्व्ह बाहेर काढला, स्वच्छ केला आणि घड्याळ लावून सगळी प्रक्रिया केली. जाड फ्लँज (जोडणीची रुंद कडा) पातळ मानेला मिळतो त्या कोपऱ्यात 14 मिलिमीटर लांबीची लाल रेघ उमटली. ओतकाम थिजताना जाडी जेथे एकदम बदलते तेथे तप्त चिरा पडतात, हे पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असते. म्हणजे नजर आधी जेथे जायला हवी नेमक्या त्याच जागी ती होती. उत्पादन विभागाचे प्रमुख आले. "खरचटलंय ते, पुसून बघा," ते म्हणाले. मी पुसून पुन्हा डेव्हलपर मारला. रेघ पुन्हा आली. तिसऱ्यांदाही आली. वरवरची खरवड अशी पुन्हा पुन्हा रंग ओकत नाही, त्यासाठी खाली साठा असावा लागतो. तेव्हा ते म्हणाले, "आधीच्या साहेबांना दिसलं नाही, तुम्हालाच बरं दिसतं!" आणि थोड्या वेळाने, अगदी आपुलकीने, "तुम्ही फार खोलात जाता."

हो, जातो. खोलात जाण्याचेच मला पैसे मिळतात.

येथे मी तुम्हाला आणखी एक सूचना देणार होतो, की अशा प्रसंगी ग्राइंडर मागवून रेघ दिसेनाशी होईपर्यंत घासावी आणि खाली धातूची जाडी किती उरली हे मोजू नये. परंतु ती लिहिताना हात थांबला. गंमत बरीच झाली.

19 जुलै 1989 रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे एका डीसी-10 विमानाला जो अपघात झाला, त्यात 112 माणसे मेली. शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची पंख्याची तबकडी हवेत फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक व्यवस्था निकामी केल्या. ती तबकडी त्याआधी 760 उड्डाणांपूर्वी फ्लुरोसंट, म्हणजे अंधारात अतिनील प्रकाशाखाली चमकणाऱ्या, पेनेट्रंटने तपासलेली होती. त्या दिवशी तिच्यावरची चीर पृष्ठभागावर सुमारे 12 मिलिमीटर लांब असावी, असा चौकशीत अंदाज निघाला; म्हणजे माझ्या व्हॉल्व्हवरच्या रेघेपेक्षा थोडीशी लहान. ती का दिसली नाही, याच्या शक्यता चौकशी मंडळाने मांडल्या आहेत, आणि त्यातली एक अशी की, तबकडी केबलला टांगलेली होती आणि केबलच्या आड येणारा भाग पाहण्यासाठी ती पुरेशी फिरवली गेली नसावी. फिरवायला किती वेळ लागला असता? तेथे निदान पेनेट्रंट लावून कोणीतरी समोर उभे राहिले होते. कळकळीने पाहणाऱ्यालाही चीर चुकते. थकलेल्या, एकसुरी कामाने बधिर झालेल्या डोळ्यांना ती हमखास चुकते, आणि म्हणूनच हे सगळे प्रकाशाचे, वेळेचे, अंधाराला डोळे सरावण्याचे नियम लिहिले गेले आहेत. चुकणाऱ्याला मी समजून घेईन. मीही चुकलो असेन, आणि कोठे चुकलो हे मला ठाऊक नाही, ही गोष्ट रात्री कधी कधी झोप येऊ देत नाही. परंतु डबा न उघडता "आढळले नाही" लिहिणारा माणूस चुकलेला नसतो. त्याने पाहिलेच नाही. न पाहता "आढळले नाही" असे लिहिणे हे खोटे आहे, आणि ते आपल्या सहीनिशी, आपल्या प्रमाणपत्राच्या क्रमांकानिशी लिहिलेले खोटे आहे.

आणि कारखानदारहो, तुम्ही, जे ते लिहून घेता. तुम्हाला तपासणी नको असते, कागद हवा असतो. मग कागदच विकत घ्या, माणसाला कशाला बोलावता? नकार देणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावायचे नाही आणि मुकाट सही करणाऱ्याला वर्षभराचे काम द्यायचे, असे तुम्हीच ठरवता, आणि ग्राहकाकडून तक्रार आली की "तपासनिसाने पास केले होते" म्हणून त्याच बिचाऱ्याकडे बोट दाखवता. त्या व्हॉल्व्हमधून दाबाखाली काय वाहणार आहे हे तुम्हाला माहीत आहे. ऑर्डरवर लिहिलेले आहे. तो उघडायला आणि बंद करायला रोज कोणीतरी त्याच्याजवळ, तोंड त्याच्याकडे करून उभे राहणार आहे.

आणि ज्या गृहस्थांची ती सही आहे, त्यांना मी ओळखत नाही, पण हे त्यांच्यापर्यंत पोहोचावे अशी माझी इच्छा आहे. अहो, दर वर्षी तुमची नजर तपासतात ती कशासाठी? दर कमी मिळतो, मान्य. दबाव असतो, तोही मान्य. तो मलाही असतो. काम झेपत नसेल तर सोडा, वेळ मिळत नसेल तर "तपासले नाही" असे लिहा. त्या चोवीसांपैकी सोळा खोक्यांत होते. ते मी दोन दिवस बसून तपासले आणि तीन रिजेक्ट केले. आठ त्याच संध्याकाळी तुमच्या रिपोर्टवर डिस्पॅच झाले होते. त्यांचे क्रमांक मी लेखी कळवले असून ते परत मागवावेत असे म्हटले आहे. अजून मला कोणी उत्तर दिलेले नाही. त्या आठांवर केवळ तुमची सही आहे.