भावोजींचा जर्मनी

नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्याच आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर भावोजींचा संदेश आला : ‘आता युनियनवाल्यांची दुकानदारी बंद. जर्मनीत असेच कायदे आहेत, म्हणून तो देश पुढे गेला. आपल्याच घरातला माणूस तिकडे आहे, त्याला विचारा.’ मला अर्थातच कोणी काही विचारले नाही. अंगठे मात्र भराभर वर झाले. मी इथे जर्मनीत कामावरून परतताना एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, उभ्या-उभ्या तो संदेश तीनदा वाचला, लांबलचक उत्तर लिहिले, पुसले, आणि शेवटी आईच्या गुडघ्याची चौकशी करून फोन खिशात टाकला.

भावोजी म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे यजमान. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना माणसे पुरवण्याचा त्यांचा ठेका आहे. माणूस वाईट नाही. वडिलांना रात्री दोन वाजता चिपळूणला हलवावे लागले तेव्हा गाडी त्यांचीच होती आणि दवाखान्याच्या बाकावर सकाळपर्यंत बसले तेही तेच. मी इथे विमानाची तिकिटे शोधत होतो. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालताना माझा आवाज नेहमीच अर्धा असतो.

शिवाय नुसत्या कायद्यापुरते पाहिले तर ते अगदीच चुकीचे बोलत नाहीत, आणि माझ्या चिडण्याचे एक कारण तेच आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत चौदा दिवसांच्या नोटिशीशिवाय संप करता येत नाही, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. जर्मनीत तर त्याहून कडक आहे : संप फक्त वेतनकरारासाठी, करारावर सही झाली की त्याची मुदत संपेपर्यंत त्यातल्या गोष्टींसाठी संप नाही, राजकीय कारणासाठी मुळीच नाही, आणि बेआम्टे, म्हणजे कायमस्वरूपी शपथबद्ध दर्जा असलेल्या सरकारी नोकरांना, म्हणजे बहुसंख्य शिक्षकांनासुद्धा, संपाचा हक्कच नाही. पण जिथे पाच माणसे कायम कामाला आहेत तिथे त्यांना बेट्रीब्सराट, म्हणजे कारखान्यातली कामगार परिषद, निवडता येते, तिच्या संमतीवाचून मालकाला जादा तास लावता येत नाहीत, आणि दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपनीत देखरेख मंडळाच्या निम्म्या खुर्च्या १९७६ च्या कायद्यापासून कामगारांच्या बाजूच्या आहेत, हेही त्याच देशाचे कायदे आहेत. भावोजींनी जर्मनीतून कुलूप तेवढे आणले आणि घर तिथेच ठेवले.

खरे तर हा वाद शिमग्यातला. १० मार्च २०२५ रोजी फ्रांकफुर्टहून माझे विमान होते, आणि त्याच दिवशी कर्मचाऱ्यांच्या एक दिवसाच्या संपामुळे जर्मनीतल्या तेरा विमानतळांवरची उड्डाणे रद्द झाली. लाखो प्रवासी अडकले, त्यांत मी एक. मी दोन रात्री एका सहकाऱ्याच्या सोफ्यावर काढल्या आणि संपकऱ्यांना मराठीतून, शिमग्यातच शोभतील अशा शब्दांत आठवले. खेडला उतरून घरी पोहोचलो तेव्हा पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ओट्यावर, येऊन बसली होती. पाया पडून उठतो न उठतो तोच भावोजी म्हणाले, “युनियनने गिरण्या खाल्ल्या, आता लोटे खाणार. तुमच्या जर्मनीत होतो का रे कधी संप?” मी म्हटले, “भावोजी, मी दोन दिवस उशिरा आलो तो संपामुळेच.” लोक हसले. भावोजीही हसले आणि म्हणाले, “बघ, म्हणजे नुकसान तुझंच झालं ना? मी दुसरं काय म्हणतोय?”

त्यावर मला तिथे उत्तर सुचले नाही, कारण प्रामाणिक उत्तर गैरसोयीचे होते. ३ सप्टेंबर २०२४ रोजी, गणपतीच्या चार दिवस आधी, एसटीच्या कर्मचाऱ्यांनी संप पुकारला तेव्हा चाकरमानी सामानसुमान घेऊन मुंबईच्या आगारांत ताटकळत होते, आणि मी इथून गटावर त्या संपाचे भारदस्त समर्थन लिहिले होते. दुसऱ्या दिवशी मूळ वेतनात साडेसहा हजारांच्या वाढीवर संप मिटला, तेव्हा मी विजयी मुद्रेने बातमीही पाठवली. त्या वर्षी मला गणपतीला जायचे नव्हते.

मात्र ‘युनियनने गिरण्या खाल्ल्या’ हे वाक्य मला सहन होत नाही, कारण ते माझ्या आजोबांच्या ट्रंकेवर बसून उच्चारले जाते. आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांचे नेते डॉ. दत्ता सामंत आमच्याच किनाऱ्यावरच्या, मालवणजवळच्या देवबागचे, आणि तो संप औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही. आजोबा ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. ट्रंकेत दोन धोतरे, खानावळीच्या हिशोबाची वही आणि रबराने बांधलेल्या युनियनच्या पावत्या होत्या. गिरणगावाच्या संपाला संपनिधी नव्हता असे म्हणतात. माझ्या मते होता, तो आमच्या आजीच्या कणगीत होता. तिने दीड वर्ष भात पुरवून वापरले, तळकोठ्यातले नाचणे काढले, आणि मग पाटल्या गहाण ठेवल्या. त्या सुटल्या नाहीत. खेड, दापोली, संगमेश्वर, राजापूर या तालुक्यांतल्या किती घरांनी तो संप असा पोसला, त्याची नोंद कोणत्याही पावतीपुस्तकात नाही.

बरोबर दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, जर्मनीतल्या धातू कामगारांनी आठवड्याला पस्तीस तासांच्या मागणीसाठी संप केला. तो जवळपास सात आठवडे चालला. संघटनेकडे सभासदांच्या वर्गणीचा साठा होता आणि त्यातून संपकऱ्यांना भत्ता मिळत होता. शेवटी तडजोड झाली ती साडेअडतीस तासांवर, आणि पस्तीस तास प्रत्यक्षात यायला १९९५ उजाडले. मुंबईत असे काही होणे अवघड होते, कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला बोलणी करण्याचा अधिकार दिला होता. जे टेबलावर बसले होते त्यांच्यामागे कामगार नव्हते, आणि कामगार ज्यांच्यामागे होते त्यांना टेबलावर जागा नव्हती. मालकांची यंत्रे जुनी झाली होती, जमीन मात्र दिवसेंदिवस महाग होत होती, आणि १९९१ च्या विकास नियमावलीने ती जमीन विकण्याची वाट मोकळी केली. आज आजोबांच्या गिरणीच्या जागी काचेचा मनोरा आहे. तो काही युनियनने बांधलेला नाही.

तरीही भावोजींच्या पदरात एक माप टाकले पाहिजे. आजोबा डॉ. सामंतांविषयी कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, पण ओटीवर सुपारी कातरता कातरता एकदा म्हणाले होते, “आम्हाला पुढं जायला शिकवलं, मागं फिरायला कुणी शिकवलं नाही.” साडेअडतीसवर थांबून अकरा वर्षे वाट पाहणे ही कला आमच्या पुढाऱ्यांना आली नाही. आमच्याकडे युनियन म्हणजे पुढारी, पुढाऱ्यामागे पक्ष, गेटवर बोर्ड लागला की वर्षभरात दुसऱ्या झेंड्याचा बोर्ड, आणि करार होताच पुढाऱ्याच्या भावाला कँटीनचे नाहीतर गाड्यांचे कंत्राट. हे मी पाहिले आहे.

इथलेही सगळे गोड नाही. मी स्टुटगार्टजवळच्या ज्या कारखान्यात आहे तिथे एका चाचणीसाठी मला दोन शनिवार माणसे हवी होती. बेट्रीब्सराटने सात आठवडे कागद फिरवून एक शनिवार दिला. पण त्याहून खुपणारी गोष्ट वेगळी आहे. आमच्याकडे लाइआरबाइटरही आहेत, एजन्सीमार्फत आलेले, बरेचसे रुमानियाचे. मागणी घटली तेव्हा कायम कामगारांच्या नोकऱ्या वाचवणारा उत्तम करार संघटनेने केला, आणि त्या आठवड्यापासून एजन्सीची माणसे यायची बंद झाली. त्यांच्या लॉकरवरची नावे दुपारच्या पाळीआधीच खरवडलेली होती. संघटना आत असलेल्यांना फार चांगली सांभाळते; आत कोण, हे मात्र आधीच ठरलेले असते. लोट्यातही कायम कामगारांच्या युनियनच्या पावतीपुस्तकात भावोजींच्या माणसांसाठी पान नाही. हे सहाणेवर मी बोललो नाही, कारण त्याने माझा मुद्दा लंगडा झाला असता.

आणखीही एक बोललो नाही. पस्तीस तास, तीस दिवसांची भरपगारी रजा, पाळीचा जादा भत्ता हे सगळे मी पहिल्या दिवसापासून घेत आलो, पण इगे मेटालचा, म्हणजे धातू कामगारांच्या संघटनेचा, सभासद व्हायला मला सहा वर्षे लागली. वर्गणी ढोबळ पगाराच्या एक टक्का असते. मी एका टक्क्याचे रुपये करून पाहत असे. पहिल्या इशारा-संपाच्या दिवशी लाल टोप्या घातलेले सहकारी गेटवर पिंपात लाकडे पेटवून शेकत उभे होते, आणि मी मान खाली घालून, व्हिसाचे कारण मनाशी घोळवत आत गेलो. कोणी अडवले नाही. एकाने कॉफी पुढे केली. ती मी घेतली आणि तरी आत गेलो. सभासद झालो तो आमचा विभाग बंद होणार अशी कुजबूज सुरू झाल्यावर. पुढच्या इशारा-संपात मीही लाल टोपी घालून शिट्टी फुंकली. जर्मन घोषणा काही तोंडात बसेनात. ओठांतल्या ओठांत आले ते ‘कोण म्हणतो देणार नाही’, आणि पुढची ओळ म्हणण्याआधी मी इकडेतिकडे पाहिले.

त्याच्याही आधीचे सांगतो. चाकणला एका कारखान्यात मी तीन वर्षे शिफ्ट इंजिनिअर होतो. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कामगाराची सलग सेवा धरली जाते आणि त्याला सहज काढता येत नाही, म्हणून त्याआधीच ‘ब्रेक’ द्यायचा, अशी तिथली रीत होती. ब्रेकची यादी दर महिन्याला मी करत असे. एकदा काही मुले संघटनेची बोलणी करत आहेत असे कळल्यावर वरून नावे मागितली गेली. मी सहा नावे दिली. त्यांतली दोन चुकीची होती, हे मागाहून समजले. ती माणसे भावोजींसारख्याच कोणा ठेकेदाराची होती आणि पुढच्या सोमवारी आली नाहीत. त्या नोकरीच्या अनुभवपत्रावर मला जर्मनीतली नोकरी मिळाली.

शिमग्यात, सहाणेवरच्या वादाच्या दुसऱ्या दिवशी, खालच्या वाडीतला एक मुलगा मागीलदारी आला. भावोजींच्या ठेक्यावर लोट्यात पाच वर्षे आहे, मधल्या ब्रेकसह. त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला : संघटनेच्या नोंदणीचा अर्ज, खाली सात सह्या. “दादा, तिकडं युनियनमध्ये असता ना तुम्ही? भाषा जरा बघून द्या.” मी त्याला सांगितले की सात जणांना अर्ज करता येतो, पण अर्जाच्या दिवशी एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांत जो आकडा कमी असेल तितके सभासद लागतात, तेवढे जमेपर्यंत हा कागद कोणाला दाखवू नकोस. त्याने मान डोलावली आणि विचारले, “तिकडं नाव दिलं म्हणून काढत नाहीत ना?” मी म्हटले, “नाही काढत.” इकडचे त्याने विचारले नाही. मी चार ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारले. सातही नावे आडनावांसकट वाचली, पाठही झाली. तशा याद्या वाचायची माझी सवय जुनी आहे.

तेवढ्यात ढोल जवळ आले आणि पुढल्या दारातून भावोजींची हाक आली. पालखी अंगणात आली होती. त्या मुलाने कागद बनियनच्या आत सरकवला आणि धावत जाऊन खांदा दिला. दांडीच्या दुसऱ्या टोकाला भावोजी होते. गावकाराने गाऱ्हाणे घातले, परदेशी असलेल्या लेकराला सुखरूप ठेव म्हणून माझेही नाव घेतले, आणि सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हटले. माझ्या हातात फोन होता, मी व्हिडिओ काढत होतो. तो रात्री गटावर टाकला. पहिला अंगठा भावोजींचा आला.