कॉलेजं वाढली, पण कोण कुठे पोचलं?

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. मुक्तीच्या वेळी गोव्यात पदवीचं कॉलेज नव्हतं, आज हाकेच्या अंतरावर आहे. जो मागे राहिला तो आपल्या आळसाने. तेव्हा आरक्षण आणि शिष्यवृत्त्या आता बंद करा, असा त्याचा आशय. चांगली शिकलेली, सज्जन माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

पहिला मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, पण बीए-बीएस्सी करायचं तर मुंबई, बेळगाव, धारवाड गाठावं लागे. १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज निघालं, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झालं. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या नसत्या, तर बहुजनांची मुलं या कॉलेजांच्या पायरीपर्यंतही आली नसती. विस्ताराचं हे ऋण मी मनापासून मानते.

पण जागा वाढल्या की दरी आपोआप बुजते, हे मात्र खरं नाही. आयर्लंडमध्ये १९६७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झालं. एड्रियन राफ्टरी आणि मायकेल हाउट या संशोधकांनी तिथल्या अनेक पिढ्यांचा अभ्यास करून १९९३ मध्ये निष्कर्ष मांडला: नव्या जागांचा फायदा आधी वरचा वर्ग घेतो, आणि त्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं आत गेल्यावरच खालच्यांशी असलेलं अंतर कमी होऊ लागतं. २००१ मध्ये समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल लुकास यांनी अमेरिकेतल्या आकडेवारीवरून पुढची गोष्ट दाखवली. सगळेच आत आले, तरी सुस्थितीतली घरं आपल्या मुलांसाठी त्याच पायरीवरचं अधिक चांगलं शिक्षण मिळवतात. म्हणजे ‘कॉलेजात गेला का?’ एवढ्यावर थांबून चालत नाही. कुठल्या कॉलेजात, कुठल्या विषयाला, हेही विचारावं लागतं.

गोव्यात तेच विचारून पाहा. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्यात २००४ मध्ये झुआरीनगरला बिट्स पिलानी या खाजगी अभियांत्रिकी संस्थेचा कॅम्पस आला, २०१० मध्ये एनआयटी, २०१६ मध्ये आयआयटी. तिथे जायचं तर देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, तिच्यासाठी दोन वर्षांचं कोचिंग, आणि बिट्सला तर वर्षाची फीच लाखांत. सांगे तालुक्यातल्या नेत्रावळीच्या किंवा काणकोणातल्या गावडोंगरीच्या घराला यातलं काय झेपतं? सांगे-काणकोणच्या आतल्या वाड्यांवरची मुलं मी पाहिली आहेत. सायन्सचं प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालतं आणि तोवर गावाकडची कदंबा, म्हणजे सरकारी बस, निघून जाते, म्हणून ती आर्ट्स घेतात. सरकारी यादीत अशी मुलगीही ‘उच्च शिक्षणात दाखल’ म्हणूनच मोजली जाते. ‘हाकेच्या अंतरावर’ लिहिणाऱ्याकडे बहुधा स्कूटर असते.

‘आळस’ हा शब्द मला सगळ्यात लागतो. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा. डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात ट्रकांचे हप्ते थकले, गॅरेज आणि खानावळी ओस पडल्या. अशा घरातला मुलगा बारावीनंतर वेर्ण्याच्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागला, तर तो घर सावरत होता. शिवाय सरकारी मराठी किंवा कोकणी शाळेत चौथीपर्यंत शिकून पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीतून घेणारं मूल आणि केजीपासून इंग्रजीत वाढलेलं मूल बारावीला एकाच पेपरला बसतात. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण असावं असंच माझं मत आहे. पण पुढच्या वळणावर त्या मुलांना हात द्यायची जबाबदारी आपण कधी नीट घेतलीच नाही.

आता ‘आरक्षण बंद करा’ याबद्दल. गोव्यातल्या गावडा, कुणबी आणि वेळिप समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. त्या वर्षी जन्मलेलं मूल कॉलेजच्या दारात आलं ते २०२१ च्या सुमारास. जन्मापासून हा आधार मिळालेली पहिली मुलं आत्ता कुठे पदवीधर होत आहेत. कुमेरी (डोंगरउतारावरची फिरती शेती), काजू आणि कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) मजुरीवर पिढ्या काढलेल्या घरांना एका पिढीत पुरे म्हणायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं?

या वादाचा निकाल फॉरवर्डवर लागणार नाही. उच्च शिक्षण संचालनालयाने आणि विद्यापीठाने दरवर्षी प्रवेशांची आकडेवारी नुसत्या एकूण संख्येत न देता अभ्यासक्रमवार आणि तालुकावार द्यावी, पालकांचं शिक्षण आणि व्यवसाय यांसह. मेडिकल, इंजिनिअरिंग आणि फार्मसीपासून सुरुवात करावी.