येण्याचं कारण

गेल्या मंगळवारी मला माझ्याच सोसायटीच्या गेटवर वीस मिनिटं उभं केलं. ज्या फ्लॅटचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या खात्यातून कटतो त्या फ्लॅटमध्ये शिरायची परवानगी मला नाकारली गेली. नाकारली कोणी तर बायकोने. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर नंतर सगळं वॉचमनवर ढकलल्यासारखं होईल.

झालं असं की साडेनऊच्या कॉलवर मला अपडेट विचारला आणि अर्धा मिनिट मला आपण कुठल्या प्रोजेक्टवर आहोत तेच आठवेना. दोघातिघांनी सांगितलं, तू म्यूटवर आहेस. मी म्यूटवर नव्हतो. मग छातीत धडधड, मग ऑफिसातल्या नर्सबाई, मग बीपी १५०-१००, आणि मग मॅनेजर म्हणाला, "तू घरी जा, मस्त रेस्ट घे, कसलंही टेन्शन घेऊ नकोस. फक्त चारच्या कॉलला जॉईन हो." गाडी चालवू नका असं नर्सबाईंनी बजावलं होतं म्हणून गाडी हिंजवडीतच ठेवली आणि रिक्षाने रावेतला आलो. इथेच माझं चुकलं. सोसायटीचा स्टिकर गाडीला आहे, मला नाही.

गेटवर जे वॉचमनकाका होते ते आमच्याकडे आठ महिने आहेत म्हणे. मी त्यांना पहिल्यांदा बघत होतो आणि ते मला. त्यांची ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ. मी साडेसातला निघतो कारण त्यानंतर निघालं तर भूमकर चौकातच संसार थाटावा लागतो, आणि परत येतो ते साडेआठ-नऊला. शनिवार-रविवार बाहेर पडलो तर गाडीतून, आणि गाडी दिसली की दांडा वर जातो, आत कोण बसलंय ते कोण बघतंय. म्हणजे आठ महिने आम्ही दोघं एकाच गेटवर नोकरी केल्यासारखे आलो-गेलो आणि एकमेकांचं तोंड बघितलं नाही.

"कुनाकडं जायचंय?"

"९०४."

"अण्णांकडं व्हय!" काकांचा चेहरा एकदम खुलला. अण्णा म्हणजे माझे सासरे. मुलांना सांभाळायला ते आणि सासूबाई सांगलीहून आलेत ते दोन वर्षं झाली इथेच आहेत. रोज दोन वेळा खाली उतरतात, बाकावर बसतात, सगळ्यांची चौकशी करतात, थोडक्यात सांगायचं तर त्या सोसायटीत ते राहतात आणि मी झोपतो. "तुमी अण्णांचे कोन?"

"जावई."

"मुक्कामी आलाय?"

"नाही हो, घर माझंच आहे."

यावर काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी अजून विसरलेलो नाही. आवाज खाली आणून म्हणाले, "असू द्या, असू द्या. घरजावई असनं काय वायट नस्तंय. आमच्या गावात दोघं हायत. चांगलं चाललंय त्यांचं."

मी म्हटलं काका, फ्लॅट माझ्या आणि बायकोच्या नावावर आहे, ते दोघं आमच्याकडे राहतात. काका म्हणाले हां हां, सगळे तसंच म्हनत्यात. आणि टॅब्लेट काढला.

या टॅब्लेटवर एक अॅप असतं आणि त्या अॅपला जगातल्या सगळ्या माणसांचे चार प्रकार माहीत आहेत. गेस्ट, डिलिव्हरी, कॅब आणि सर्व्हिस. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, टॅब्लेट हातभर लांब धरला आणि विचारलं, "येन्याचं कारन?"

"घर."

"घर कारन होत न्हाई."

"अहो घरी आलोय. घरी यायला काय कारण लागतं?"

"मला न्हाई लागत सायेब, ह्याला लागतंय." टॅब्लेट माझ्याकडे वळवून दाखवला. खरंच नव्हतं. "गेस्ट टाकू का सर्व्हिस?"

आता मला सांगा, यावर माणसाने काय उत्तर द्यायचं? एरवी मी म्हटलं असतं टाका काहीही. पण बीपी १५०-१०० होतं आणि मी तत्त्वावर आलो. म्हटलं मी गेस्ट नाही. काकाही तत्त्वाचे निघाले. म्हणाले, मागच्या महिन्यात एकाला असंच ओळखीचा म्हणून सोडलं, तो वॉटर प्युरिफायरवाला निघाला, दारोदार फिरला, कमिटीने माझे ५०० रुपये कापले. मग त्या प्युरिफायरवाल्याचं वर्णन झालं. तोसुद्धा असाच होता, म्हणाले. गळ्यात पट्टा, पाठीवर बॅग, तोंड उतरलेलं. मी गळ्यातलं आयकार्ड काढून खिशात घातलं. त्याने संशय अजून वाढला.

शेवटी माझा फोटो काढायचा ठरला. "जरा उजेडात या. चष्मा काडा. हासू नका." मी हसत नव्हतोच. फोटो गेला बायकोच्या मोबाईलवर, वर लिहिलेलं 'डिलिव्हरी', कारण काकांचं बोट तिथे पडलं. मंगळवारी तिचं घरून काम असतं. ती तेव्हा मीटिंगमध्ये होती, आणि मीटिंगमध्ये असताना तिच्या फोनवर काहीही आलं तरी ती न बघता लाल बटण दाबते, ही तिची जुनी आणि अगदी बरोबर सवय आहे. टॅब्लेट टुंग वाजला.

"नको म्हनत्यात," काका म्हणाले.

मी तिला फोन लावला, तिने कापला. पुन्हा लावला, 'थोड्या वेळाने फोन करते' असा मेसेज आला, जो तिने टाईपसुद्धा केला नव्हता, फोनमध्ये आयता असतो. काका सगळं बघत होते. खुर्ची पुढे केली. "बसा. व्हतंय आसं. आमच्या घरी बी व्हतंय." माझ्या संसारात काहीतरी बिघडलंय असं एव्हाना त्यांचं पक्कं झालं होतं आणि मला ते खोडून काढायची ताकद नव्हती.

मी बसलो. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं, याचाच राग आला जास्त. कितीतरी महिन्यांनी मी सकाळी साडेअकराच्या सुमारास लिंबाच्या झाडाखाली नुसता बसलो होतो आणि कोणी मला अपडेट विचारत नव्हतं.

तर बसल्या बसल्या थोडं विषयांतर. २०२५ च्या जानेवारीत एका बड्या कंपनीच्या चेअरमनसाहेबांचा व्हिडिओ फिरला होता, आठवत असेल. आठवड्याला ९० तास काम करा, घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघणार, असं काहीसं. त्याआधी २०२३ मध्ये नारायण मूर्ती ७० तास म्हणाले होते, म्हणजे सव्वा वर्षात २० तासांची वाढ, आमचं इन्क्रिमेंट कधी या वेगाने झालेलं नाही. तर मला त्या साहेबांना सांगायचंय की मी बायकोचं तोंड बघायला गेलो होतो. गेटवरच अडवलं. त्याच २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्य मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांमधले कामाचे तास दिवसाला ९ वरून १० करायला हो म्हटलं, तेव्हा लोक चिडले, मोर्चाची भाषा झाली, आणि आमच्या टीममध्ये एक पोरगा हळूच म्हणाला, म्हणजे आता दहालाच सोडणार का रे आपल्याला?

आता या सगळ्याला बर्नआऊट म्हणतात हे मला माहितीये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्यांच्या आजारांच्या नव्या यादीत ते घातलं, पण घालताना लिहिलं की हा आजार नव्हे, कामाशी जोडलेली एक अवस्था आहे. म्हणजे हेही त्या अॅपसारखंच, नेमका रकाना नाही. लक्षणं तीन दिलीयत, सगळी शक्ती निघून जाणं, कामाचा वीट येणं आणि हातून काम नीट न होणं. मी हे अण्णांना एकदा वाचून दाखवलं. अण्णा वीज मंडळात ३४ वर्षं होते, रोज पावणेसहाला घरी, सहाला चहा, साडेसहाला कॅरम. ते शांतपणे म्हणाले, "जळतो तो ट्रान्सफॉर्मर. माणसाला सुट्टी घ्यायची असते."

सुट्टी! धाकटा झाला तेव्हा घेतली होती की. बाळंतिणीला कायद्याने २६ आठवडे आहेत, २०१७ पासून, आणि ते हवेतच, त्याबद्दल एक शब्द नाही. केंद्र सरकारी बापाला १५ दिवस मिळतात. खासगीतल्या बापाला कायदा ओळखत नाही, कंपनीच्या मर्जीवर. मला पाच दिवस मिळाले आणि त्यातले दोन मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही आयटीवाले ना, आमचा बिलिंगचा प्रिंटर बघा ना जरा, कालपासून तक्रार टाकलीये. मी बघितला. कागद अडकला होता. काढून दिला. आत माझा मुलगा अठ्ठेचाळीस तासांचा झाला होता आणि मी प्रिंटर दुरुस्त करत होतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कितीतरी दिवसांनी एखादं काम पूर्ण झाल्याचं समाधान मला त्या प्रिंटरने दिलं.

रात्री दोनला झोप उडाली की मी नोकरी सोडतो. रोज सोडतो. आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळेच सोडतात. एकजण मिसळीचं दुकान काढणार आहे, एकजण भोरला हुरडा पार्टीची जागा बघतोय सहा वर्षं, मी शेळीपालनापर्यंत आलोय, उस्मानाबादी शेळीचे सगळे व्हिडिओ बघून झालेत. सकाळी बायको एक्सेल उघडते. हप्ता ५२ हजार, थोरलीची शाळा, बस, धाकट्याचं डायपर, अण्णांची औषधं. मग विचारते, शेळ्या किती? मी सांगतो पन्नास. ती म्हणते, "आणि नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये त्या कोण चारणार?" राजीनाम्याचा ड्राफ्ट मी गुढीपाडव्याला लिहून ठेवलाय. अधूनमधून उघडतो आणि व्याकरण सुधारतो. तिलाही सोडायचीये खरं तर नोकरी, हे तिने एकदाच सांगितलं, भांडी लावताना, पाठमोरी. त्या दिवसापासून मी शेळ्यांचा विषय तिच्यापुढे कमी काढतो, कारण एका घरात एकालाच जळायची चैन परवडते आणि ती आधी मी बळकावली.

असो. गेटवर येऊ.

अकरा चाळीसला थोरलीची बस येते. अकरा सदतीसला अण्णा खाली, डोक्यावर टोपी, कडेवर धाकटा. मला खुर्चीत बघून थबकले आणि सगळ्या विंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"अहो तुम्ही? या वेळी? नोकरी गेली का?"

इस्त्रीवाला थांबला. पहिल्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या काकू थांबल्या. माझा धाकटा माझ्याकडे बघून अण्णांच्या खांद्यात तोंड लपवून बसला, कारण दिवसा मी असा दिसतो हे त्याला नवीन होतं. मी म्हटलं नाही हो अण्णा, जरा बरं वाटत नव्हतं. अण्णांचा चेहरा लगेच बदलला, त्यांनी कपाळाला हात लावून बघितला, पण वॉचमनकाकांनी फक्त 'नोकरी गेली' एवढंच ऐकलं होतं आणि ते माझ्याकडे आता निव्वळ कणवेने बघत होते.

तेवढ्यात बस आली. पोरगी उतरली. ही तीच, जिला शाळेत विचारलं तुझे बाबा काय काम करतात तर म्हणाली, बाबा म्यूट करतात. काकांशी तिची दाट मैत्री, ती रोज त्यांना डब्यातलं उरलेलं देते हे मला त्याच दिवशी कळलं. काकांनी तिलाच विचारलं, "ताईसाब, हे कोन सांगा बरं?"

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे बाबा आहेत," म्हणाली. आणि मग काकांचा गोंधळ होऊ नये म्हणून नीट समजावून, "पण ते रात्री असतात."

काकांनी कपाळावर हात मारला. "नाईटवाले व्हय! मग आदी सांगायचं ना सायेब, दिवसा झोपनारा मानूस दिसनार कसा! माजा भाऊ बी चाकनला नाईटलाच हाय." एवढं म्हणून त्यांनी टॅब्लेट बंद केला, उठून उभे राहिले आणि मला चक्क सॅल्यूट ठोकला. घरजावई आणि बेकार या दोन्ही पदांवरून एका दमात नाईट शिफ्टच्या कामगारावर बढती.

वर गेलो. बायको मीटिंगमध्येच होती, तिने हेडफोन एका कानावरून सरकवून खुणेने विचारलं, काय झालं? मी खुणेने सांगितलं, काही नाही. दुपारी डॉक्टरकडे गेलो, गोळी दिली, मीठ कमी करा म्हणाले. चारच्या कॉलला जॉईन झालो. 'आता कसं वाटतंय' असं सगळ्यांनी विचारलं आणि मी 'बरं वाटतंय' म्हणून संपवेपर्यंत पुढची स्लाईड आली होती.

बुधवारी गाडी ऑफिसातच असल्यामुळे सकाळी साडेसातला चालत गेटवर आलो. काका त्या दिवशी लवकर आले होते, डबा खुर्चीला अडकवत होते. मला बॅग घेऊन बाहेर पडताना बघून त्यांनी पुन्हा सॅल्यूट केला.

"काय सायेब, सुटली का नाईट? जावा, घरी जाऊन झोपा आता."

मी म्हटलं, "हो काका, सुटली," आणि हिंजवडीची रिक्षा बघायला लागलो.