‘हे सगळे एकत्र का राहतात?’

दर रविवारी रात्री साडेआठला आमची एक बैठक असते. बाबा साताऱ्याला, मी पुण्यात, धाकटा टोरंटोला. बाबा टीव्हीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेचा एखादा जुना भाग लावतात आणि व्हिडिओ कॉल चालू करून फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतात. आम्हाला पाऊण टीव्ही दिसतो आणि कडेला बाबांचा एक कान.

मध्यंतरी एका रविवारी माझी तेरा वर्षांची लेक येऊन बसली. पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "आई, हे सगळे एकत्र का राहतात?"

"अगं, घर आहे त्यांचं."

"हो, पण आबांना स्वतःचं घर नाहीये का?"

आबा म्हणजे मालिकेतले आजोबा. मला हसू आलं आणि मग येईना. तिच्या हिशेबात आजोबा म्हणजे अडीच तासांचा प्रवास, खंबाटकीत लागणारी उलटी आणि पोचल्यावर मिळणारी आंबावडी. नातवाशी रोज सकाळी कटकट करणारा आजोबा तिनं पाहिलेलाच नाही.

तेव्हापासून मी आठवतील तेवढ्या विनोदी मालिकांना तिचा हा प्रश्न विचारत बसले आहे. मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ होतं. प्रभावळकरांचा चिमणराव, बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ. गुंड्याभाऊ या घरात सारखा का, असं तेव्हा कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. घर म्हटलं की एखादा भाऊ असायचाच, त्यात काय विचारायचं? १९८४ साली ‘ये जो है जिंदगी’ आली, तोवर सासू-सासरे पडद्यावरून गायब झाले होते. नवरा, बायको आणि बायकोचा भाऊ. तो का राहतो? तर बेकार आहे म्हणून. म्हणजे घरात तिसरं माणूस ठेवायचं तर कारण सांगणं भाग झालं होतं.

‘हम पांच’ १९९५ची. आपले अशोक सराफ, पाच मुली, दुसरी बायको, आणि पहिली भिंतीवरच्या फोटोतून बोलणारी. फोटोत प्रिया तेंडुलकर! दोन आयांच्या मुली एका छताखाली, आणि त्याचं कुणी रडगाणं केलं नाही. फोटोतली बाई नवऱ्याला अशी काही सुनवायची की आम्ही पोटं धरून हसायचो. दुसऱ्या लग्नाच्या घरात पहिलीची जागा कुठे, या अवघड प्रश्नाचं इतकं सोपं उत्तर पुढे कुणाला सुचलेलं मला तरी दिसलं नाही.

टिपरे आले २००१ साली, अल्फा मराठीवर, म्हणजे आताच्या झी मराठीवर. तीन पिढ्या, माणसं पाच. काका-आत्या कधीच गळालेल्या, पण आबा घरात असण्याला अजून कारण लागत नव्हतं. पुढच्याच वर्षी हिंदीत ‘खिचडी’ आली आणि तिथे कारण थेट सांगून टाकलं: बाबूजी जिवंत असेतो हवेली विकायची नाही म्हणतात, म्हणून सगळे त्यांच्या जाण्याची वाट बघत एकत्र राहतात. किती भयंकर गोष्ट आहे ही! आणि आपण चहा पिता पिता हसलो, कारण असं एखादं घर प्रत्येकाच्या नात्यात होतं.

२००४ च्या ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’मधल्या साराभाईंनी मुंबईत कफ परेडला शेजारी-शेजारी फ्लॅट घेतले. मुलगा-सून वेगळे, पण सासूला, मायाला, ‘मोनिशा!’ म्हणून टोमणा हाणायला चप्पलसुद्धा घालायला नको, एवढ्याच अंतरावर. त्या काळात आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांनी हाच तह केला होता. २०१२ ला ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मध्ये काळ्यांचं भरलेलं घर दिसलं खरं, पण राधा त्यात शिरली ती घनाशी कराराचं लग्न करून. (गंभीर मालिकांचं सोडा. तिथे अजून वीस माणसं एका बंगल्यात भरजरी साड्या नेसून नाश्ता करतात.)

मला वाटतं, लेखक मंडळींची खरी पंचाईत इथे आहे. एकमेकांपासून सुटका नसलेली माणसं एका खोलीत कोंडली की विनोद आपोआप घडतो. समाज पांगला, तसं त्यांना कोंडण्यासाठी नवनवं निमित्त शोधावं लागलं. मेहुणा, फोटो, हवेली, शेजारचा फ्लॅट, करार. कुटुंब किती बदललं हे मला पात्रांपेक्षा या निमित्तांमध्ये जास्त दिसतं.

आणि आता निमित्तंही संपत आली असावीत. एकटे राहणारे वडील, घटस्फोटानंतर शनिवार-रविवार बाबाकडे जाणारं पोर, लग्न न करता मजेत राहणारी मावशी ही माणसं माझ्या बिल्डिंगमध्ये मजल्यागणिक आहेत. विनोदी मालिकेच्या मधोमध बसलेली मला क्वचितच दिसतात. स्किटमध्ये मात्र ‘बायको माहेरी गेली’ यावर अजून टाळी मिळते. मी माहेरी जाते ती बाबांच्या गोळ्यांचे डबे आठवड्याच्या वारांप्रमाणे भरायला. त्यातही विनोद आहे हो, कुणी लिहायला घेतला तर. मंगळवारच्या कप्प्यात बाबा शेंगदाणे ठेवतात.

लेकीला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. काल ती पुन्हा येऊन बसली होती. आबा काहीतरी बोलले. आधी बाबा हसले, संवाद पाठच आहे त्यांना. मग आम्ही दोघी. आणि आमचं हसून झाल्यावर टोरंटोहून, पोहे खाता खाता, धाकटा.